हवेतला आकडा कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पाणी गढूळ झाले तर दिसते, दूध नासले तर वास येतो, धान्याला कीड लागली तर हाताला कळते. खेड्यातील निरक्षर बाईदेखील आपल्या घरात येणाऱ्या वस्तूची परीक्षा स्वतःच्या इंद्रियांनी करते आणि त्या बाबतीत ती कोणत्याही तज्ज्ञाची मिंधी नसते. किरणोत्सारी कणांच्या बाबतीत मात्र निसर्गाने माणसाला ही सोय ठेवलेली नाही. त्यांना रंग नाही, गंध नाही, चव नाही. ते श्वासावाटे आत गेले किंवा गवतावर बसून गाईच्या दुधात उतरले, तरी त्या क्षणी शरीराला काहीही जाणवत नाही. येथे माणसाला यंत्राच्या डोळ्यांनीच पाहावे लागते. आणि ज्याच्या हाती यंत्र, त्याच्या शब्दावर विसंबावे लागते.

म्हणून हवेतील किरणोत्सारी कणांचे मापन हा वरवर पाहता पदार्थविज्ञानाचा विषय असला, तरी मुळात तो सत्तेचा विषय आहे. यंत्रात आकडा उमटतो त्या क्षणापासून तो नागरिकाच्या कानी पडेपर्यंत जो काळ जातो, त्या काळात कोणाचे हित सांभाळले जाते आणि कोणाचे बुडते, हा खरा प्रश्न आहे. अणुवीज हवी की नको, हा वाद मोठा आहे आणि तो स्वतंत्रपणे झाला पाहिजे. परंतु त्याचा निकाल कसाही लागला, तरी देशात उभ्या असलेल्या भट्ट्या उद्या नाहीशा होणार नाहीत. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला हवेतला आकडा वेळेवर कळण्याचा हक्क आहे, एवढी गोष्ट तरी या वादाच्या दोन्ही बाजूंना मान्य व्हावयास हवी.

इतिहास काय सांगतो ते पाहू. १९५७ च्या शरदऋतूत अवघ्या अकरा दिवसांच्या अंतराने दोन मोठे अणुअपघात झाले. २९ सप्टेंबरला सोव्हिएत संघाच्या उरल प्रदेशात मायाक येथील अस्त्रनिर्मितीच्या कारखान्यात किरणोत्सारी टाकाऊ द्रव्याच्या टाकीचा स्फोट झाला. १० ऑक्टोबरला इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर विंडस्केल येथील भट्टीला आग लागल्याचे उघडकीस आले. तीही अण्वस्त्रांसाठीच चालविली जात होती. एक घटना समाजवादाचे नाव घेणाऱ्या राज्यात घडली, दुसरी संसदीय लोकशाहीची जननी म्हणवणाऱ्या देशात. पण दोन्ही ठिकाणच्या राज्यकर्त्यांची प्रतिक्रिया जुळ्या भावंडांसारखी होती. सोव्हिएत सरकारने उरलमधील स्फोटाची कबुली दिली ती १९८९ मध्ये. त्याआधी, १९७६ मध्ये, परदेशात राहणारे रशियन शास्त्रज्ञ झोरेस मेदवेदेव यांनी तो उघड केला होता. अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याजवळ त्याची माहिती अनेक वर्षे पडून होती. पण तिनेही तोंड उघडले नव्हते. इंग्लंडमध्ये विंडस्केलच्या परिसरातील सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधील दूध ओतून देण्यात आले, हे खरे. मात्र अपघाताची चौकशी करणारा सर विल्यम पेनी यांचा संपूर्ण अहवाल पंतप्रधान मॅकमिलन यांनी दडपून ठेवला. कारण त्या वेळी अमेरिकेशी अणुसहकार्याच्या वाटाघाटी चालू होत्या. तो जनतेसमोर येण्यास तीस वर्षे लागली.

भांडवलशाही आणि नोकरशाही समाजवाद यांच्यात हाडवैर असेल; परंतु हवेतला आकडा लपविण्याच्या बाबतीत त्यांचे एकमत होते. उत्पादनसाधनांची मालकी बदलल्याने हा दोष आपोआप दूर होत नाही, हा धडा लोकशाही समाजवाद्यांनी तरी विसरता कामा नये.

आता चेर्नोबिल. २६ एप्रिल १९८६ च्या पहाटे तेथील चौथ्या भट्टीचा स्फोट झाला. अवघ्या तीन किलोमीटरवरील प्रिप्यात शहर २७ तारखेच्या दुपारी रिकामे करण्यात आले, पण जगाला आणि खुद्द सोव्हिएत जनतेला काहीही सांगितले गेले नाही. २८ तारखेच्या सकाळी स्वीडनमधील फोर्समार्क अणुवीज केंद्रात एका कर्मचाऱ्याच्या बुटांवर किरणोत्सर्ग आढळला आणि धोक्याची घंटा वाजली. प्रथम त्या केंद्राला आपल्याच भट्टीचा संशय आला. नंतर दारातल्या गवतावरही तेच कण सापडू लागले. अण्वस्त्रचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी स्वीडनने पूर्वीच उभारलेल्या हवागाळण्यांतून आणि वाऱ्याच्या दिशेवरून उगम अकराशे किलोमीटरवर, सोव्हिएत भूमीत असल्याचे ठरले. विचारणा झाल्यावर मॉस्कोने आधी कानावर हात ठेवले आणि त्याच रात्री दूरचित्रवाणीवरून चार ओळींचे निवेदन केले. कीव्ह शहरात १ मे रोजी कामगारदिनाचे संचलन ठरल्याप्रमाणे झाले. त्यात मुलेही होती. कामगारांच्या नावाने चालणाऱ्या राज्याने कामगारांच्या मुलांना कामगारदिनीच किरणोत्सारी हवेत चालावयास लावले, याहून अधिक कठोर टीका त्या राजवटीवर तिच्या शत्रूंनाही करता आली नसती.

याच घटनेची दुसरी बाजू पोलंडमध्ये दिसली, आणि तिच्यावर अधिक विचार व्हावयास हवा. पोलंडचे सरकार सोव्हिएत गटातलेच होते. त्यालाही मॉस्कोने काही कळविले नव्हते. पण ईशान्य पोलंडमधील मिकोवायकी येथील मापनकेंद्रावर २८ एप्रिलच्या सकाळी हवेतील किरणोत्सर्ग आदल्या दिवसापेक्षा लाखो पटींनी वाढल्याची नोंद झाली. तेथील शास्त्रज्ञांनी मॉस्कोच्या खुलाशाची वाट पाहिली नाही. दुसऱ्याच दिवशी सरकारने मुलांना आयोडिनचा डोस देण्याचा निर्णय घेतला आणि तीनचार दिवसांत सुमारे १ कोटी ५ लाख मुलांना व ७० लाख प्रौढांना तो पाजण्यात आला. हिरव्या चाऱ्यावरील गाईंचे दूध लहानग्यांना देण्यावर बंदी घालून दुधाच्या भुकटीची सोय करण्यात आली.

ही घाई का आवश्यक होती? अपघातानंतर प्रथम पसरणाऱ्या द्रव्यांत आयोडिन-१३१ हे प्रमुख असते. त्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे, म्हणजे दर आठ दिवसांनी त्याची मात्रा निम्मी होते. दोनतीन महिन्यांत ते जवळजवळ नाहीसे होते. जे करावयाचे ते पहिल्या काही तासांत आणि दिवसांत. गळ्यातील थायरॉइड ग्रंथी आयोडिन शोषून घेते. तिला आधीच निरुपद्रवी आयोडिनने भरून टाकले तर किरणोत्सारी आयोडिनला तेथे जागा उरत नाही. पण ही गोळी कण शरीरात शिरण्याच्या थोडे आधी किंवा शिरल्यावर काही तासांच्या आत घेतली तरच उपयोगी. दिवस उलटल्यावर तिचा उपयोग फारसा उरत नाही. बेलारूस आणि युक्रेनच्या खेड्यांत मुले तेच दूध पीत राहिली. संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रीय समितीच्या अहवालानुसार, अपघाताच्या वेळी १८ वर्षांखालील असलेल्यांमध्ये २००५ पर्यंत थायरॉइडच्या कर्करोगाचे सहा हजारांहून अधिक रुग्ण आढळले आणि त्यांतील मोठा वाटा त्या दुधाशी निगडित होता. बहुतेकांचे प्राण उपचारांनी वाचले, हे सांगितले पाहिजे. परंतु गळ्यावर शस्त्रक्रियेची खूण आणि जन्मभराच्या गोळ्या या मुलांच्या वाट्याला आल्या, त्या वेळेवर न सांगितलेल्या आकड्यामुळे.

येथे यंत्रांविषयी थोडे स्पष्ट बोलले पाहिजे. कार्यकर्त्याला यंत्राची मर्यादा माहीत नसेल तर त्याला अधिकारी सहज फसवू शकतो आणि तो स्वतःही लोकांना अकारण घाबरवू शकतो. मापनाची साधने दोन प्रकारची आहेत. पहिला प्रकार मात्रामापकाचा. एखाद्या जागी गॅमा किरणांची मात्रा ताशी किती आहे, हे तो क्षणोक्षणी दाखवितो. तो स्वस्त असतो आणि उन्हापावसात उभा राहतो. नैसर्गिक मात्रा बहुतेक ठिकाणी ताशी ०.१ मायक्रोसीव्हर्टच्या आसपास असते. केरळच्या किनाऱ्यावरील मोनाझाइटयुक्त वाळूत ती कितीतरी अधिक आढळते. पण हवेत कण विरळ असले तर हा मापक आंधळा ठरतो आणि कण कोणत्या द्रव्याचा आहे, हेही साधा मात्रामापक सांगू शकत नाही.

दुसरा प्रकार हवागाळणीचा. पंपाने हवा ओढून ती गाळणीच्या कागदातून सोडतात. कण कागदाला चिकटतात. मग तो कागद जर्मेनियमच्या स्फटिकासमोर ठेवला, की प्रत्येक द्रव्य आपापल्या ऊर्जेने आपली ओळख देते. सीझियम-१३७ ची खूण वेगळी, आयोडिन-१३१ ची वेगळी. ही पद्धत इतकी सूक्ष्म आहे, की हजारो किलोमीटरवरून आलेला नाममात्र कणही तिच्या नजरेतून सुटत नाही. वायुरूपातील आयोडिन मात्र कागदातून निसटते. त्यासाठी कोळशाची गाळणी वेगळी लावावी लागते.

मग अडचण कोठे आहे? ती आहे रेडॉन या नैसर्गिक वायूत. जमिनीतून तो सतत बाहेर पडतो आणि त्याची अल्पायुषी संतती धुळीला चिकटून त्याच कागदावर जमा होते. पहाटेच्या निवांत हवेत ती वाढते, पावसाच्या सरीबरोबर खाली येते, आणि ताज्या कागदावर तिचाच गोंगाट इतका असतो, की त्यात मानवनिर्मित कणाचा क्षीण आवाज ऐकू येत नाही. म्हणूनच अणुचाचणीबंदी कराराच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातील केंद्रांवर २४ तास हवा गाळतात, २४ तास कागद थंड होऊ देतात आणि नंतर २४ तास मोजतात. म्हणजे पूर्ण उत्तर मिळण्यास तीन दिवस. चाचणी पकडण्यासाठी हे ठीक आहे. पण कारखान्याच्या कुंपणाशी राहणाऱ्या मुलाला गोळी द्यावयाची असेल तर तीन दिवसांनी आलेले उत्तर म्हणजे वरात निघून गेल्यावर वाजलेला बँडच होय. यावर उपाय निघाले आहेत. गाळणीची पट्टी सतत सरकती ठेवून तिच्यासमोरच शोधक बसवावयाचा, अल्फा व बीटा कणांच्या मोजणीवरून रेडॉनचा वाटा वजा करावयाचा, आणि उरलेला आकडा तासाभराच्या आत हाती घ्यावयाचा. प्रयोगशाळेइतके हे मापन सूक्ष्म नसते; पण धोक्याची सूचना देण्यास ते पुरेसे असते. तात्पर्य, मात्रामापक, सरकती गाळणी आणि प्रयोगशाळा ही तिन्ही साधने हवीत. एकाचा आकडा दाखवून दुसऱ्याची उणीव झाकणे हा बुद्धिभेद आहे.

यंत्रे असूनही ती उपयोगी का पडत नाहीत, याचे उदाहरण जपानने घालून दिले. ११ मार्च २०११ रोजी भूकंप व त्सुनामी यांनी फुकुशिमाचे केंद्र मोडून पडले. त्या प्रांतात मापनाची २४ स्थिर केंद्रे होती. त्यांपैकी २३ केंद्रे त्सुनामीने वाहून गेल्यामुळे किंवा वीज व दळणवळण तुटल्यामुळे निकामी झाली. ज्या संकटासाठी यंत्र उभे केले, त्याच संकटात ते प्रथम बळी पडावे, ही नियोजनाची शोकांतिका होय. जपानजवळ ‘स्पीडी’ नावाची संगणकीय प्रणालीही होती. वाऱ्याच्या आधारे कण कोणत्या दिशेला जातील याचे भाकीत ती करीत असे. भट्टीतून किती द्रव्य सुटले याचा आकडा नसल्याने तिचे भाकीत अपुरे आहे, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे होते, आणि ते अगदीच निराधार नव्हते. पण दिशा तर दिसत होती. ती दिशा १४ मार्चला अमेरिकेच्या सैन्याला कळविण्यात आली, जपानी जनतेला मात्र २३ मार्चला. दरम्यान नामिए गावचे हजारो रहिवासी समुद्रकाठ सोडून वायव्येला, त्सुशिमाच्या डोंगराळ भागात आसऱ्याला गेले होते. १५ मार्चला कणांचा लोट नेमका वायव्येकडेच वळला. लोक सुरक्षित जागा म्हणून ज्या दिशेला गेले, तिकडेच विष गेले. आणि ज्यांना हे दिसत होते ते अचूकतेची वाट पाहत बसले.

या अविश्वासातूनच जपानमध्ये ‘सेफकास्ट’ ही स्वयंसेवकांची चळवळ उभी राहिली. नागरिकांनी स्वतः गायगर मापक जोडले, मोटारींवर बसवून रस्तोरस्ती नोंदी केल्या आणि त्या सर्वांसाठी खुल्या ठेवल्या. आज त्या नोंदींची संख्या कोटींच्या घरात आहे. ही मापके जमिनीवर साचलेल्या द्रव्याची मात्रा दाखवितात. हवेतील कणांचे मापन त्यांनी होत नाही. तरीसुद्धा या चळवळीने एक गोष्ट सिद्ध केली. सरकारी आकड्याच्या शेजारी लोकांचा आकडा उभा राहिला, की सरकारी आकडाही अधिक जपून व अधिक प्रामाणिकपणे लिहिला जातो.

आणखी काही प्रसंग थोडक्यात. १९९८ च्या मे महिन्याच्या अखेरीस दक्षिण स्पेनमधील एका पोलादाच्या कारखान्यात भंगाराबरोबर सीझियम-१३७ चा एक स्रोत भट्टीत वितळला. कारखान्याच्या यंत्रांना त्याचा पत्ता लागला नाही. तो लागला फ्रान्स, इटली व स्वित्झर्लंड या देशांच्या हवागाळण्यांना. २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये युरोपभरच्या गाळण्यांत रुथेनियम-१०६ आढळले. प्रमाण अल्प होते, तेथील लोकांना धोका नव्हता. शास्त्रज्ञांनी वाऱ्याचा मागोवा घेऊन बोट दक्षिण उरलकडे, म्हणजे पुन्हा त्याच मायाककडे दाखविले. रशियाच्या अणुसंस्थेने इन्कार केला आणि आजपर्यंत कोणीही जबाबदारी घेतलेली नाही. ८ ऑगस्ट २०१९ रोजी रशियाच्या उत्तर किनाऱ्यावर न्योनोक्साजवळ लष्करी चाचणीत स्फोट झाला. त्यानंतर दोनच दिवसांत चाचणीबंदी जाळ्यातील रशियातील दुब्ना व किरोव्ह ही केंद्रे मुकी झाली. आकडा पाठविणे हे ऐच्छिक आहे, असे त्यावर सांगण्यात आले. या प्रसंगांतून दोन निष्कर्ष निघतात. धूर कोणाच्या चुलीचा, हे चूलवाला सांगत नाही, शेजारी सांगतो. म्हणून मापन एकाच हाती असता कामा नये. आणि मापकाचे मौन हीदेखील एक नोंद आहे. तिची दखल आकड्याइतकीच गांभीर्याने घेतली पाहिजे.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत या सर्वाचा अर्थ काय होतो? कारखान्याच्या धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या धुराचा खर्च कारखानदाराच्या हिशेबवहीत येत नाही, तो शेजाऱ्यांच्या फुप्फुसांत जमा होतो, ही गोष्ट पिगूने १९२० मध्येच मांडली होती. किरणोत्सारी कणांच्या बाबतीत या खर्चात आणखी एका खर्चाची भर पडते, ती अज्ञानाच्या खर्चाची. माहिती उशिरा दिल्याने संस्थेची अब्रू, शेअरचा भाव, मंत्र्याची खुर्ची काही दिवस टिकते. हा लाभ मूठभरांचा. उशिराचा भुर्दंड मात्र दूध पिणाऱ्या मुलाला, शेतकऱ्याला, मासेमाराला भरावा लागतो. ज्याला लाभ होतो त्याच्याच हाती सांगण्याची वेळ ठरविण्याचा अधिकार असेल, तर तो उशीरच करील. त्यासाठी तो माणूस दुष्ट असण्याची गरज नाही. व्यवस्थाच त्याला तसे करावयास लावते.

दुसरे असे, की हवेतला आकडा ही खऱ्या अर्थाने सार्वजनिक वस्तू आहे. एकाने तो वाचला म्हणून दुसऱ्यासाठी तो कमी होत नाही. एकदा यंत्र बसविले, की तो एका माणसाला सांगण्यास जो खर्च येतो तोच एका लाखाला सांगण्यास येतो. अशी वस्तू बाजार पुरवीत नाही, कारण तिच्यावर नफा नाही. आणि गोपनीयतेत वाढलेले खाते ती वाटीत नाही, कारण वाटल्याने त्याची सत्ता घटते. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे, की स्वतंत्र वृत्तपत्रे आणि लोकशाही असलेल्या देशात मोठा दुष्काळ पडून माणसे उपासमारीने मरत नाहीत. कारण बातमी हीच तेथे धोक्याची सूचना ठरते. जे दुष्काळाला लागू तेच अदृश्य कणांनाही लागू आहे.

महाराष्ट्रातील कार्यकर्त्याला हे समजावून सांगण्यास परदेशात जाण्याचीही गरज नाही. पैसेवारी म्हणजे काय, ते त्याला माहीत आहे. पीक पन्नास पैशांच्या वर की खाली, या एका आकड्यावर गावाला सवलती मिळणार की नाही हे ठरते. तो आकडा कचेरीत बसून कोणी ठरवावयाचा, की शेतात पंचांसमक्ष कापणी करून ठरवावयाचा, यासाठी या राज्यातील शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे भांडणे केली. हंगामी पैसेवारी जाहीर करून हरकती मागविण्याची पद्धत आहे, ती याच न्यायाने. हवेतला आकडा हीही एक पैसेवारीच आहे. फरक इतकाच, की येथे पीक डोळ्यांना दिसत नाही.

आता देशाची स्थिती पाहू. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू आहे. तेथे आज चार भट्ट्या उभ्या आहेत. मुंबई तेथून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र तर मुंबईच्या पोटातच आहे. जैतापूरला सहा भट्ट्यांची योजना आहे. प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा असते आणि भाभा केंद्राने देशभर मात्रामापकांचे मोठे जाळे उभारले आहे. या कामातील शास्त्रज्ञांच्या कर्तबगारीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्या आकड्यावर कायद्याने कोणाची मालकी ठेवली, हा आहे. १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याच्या १८ व्या कलमाने अणुकेंद्रांविषयीची माहिती प्रतिबंधित करण्याचा अधिकार सरकारला दिला होता. १९८३ मध्ये स्थापन झालेले अणुऊर्जा नियामक मंडळ दीर्घकाळ त्याच अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी राहिले, ज्याच्या छत्राखालील केंद्रांवर त्याने लक्ष ठेवावयाचे होते. मंडळाला स्वतंत्र कायदेशीर अधिष्ठान नाही, यावर भारताच्या महालेखापरीक्षकांनी २०१२ च्या अहवालात बोट ठेवले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा संमत करून १९६२ चा कायदा रद्द केला. मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे स्वागतार्ह आहे. पण त्याच कायद्याने खाजगी कंपन्यांना भट्ट्या उभारण्याचे व चालविण्याचे दार उघडले आणि माहिती प्रतिबंधित ठरविण्याचा सरकारचा अधिकारही कायम ठेवला. म्हणजे सरकारी गुप्ततेचे जुने कुलूप तसेच राहिले आणि त्याच्या जोडीला नफ्याचे नवे कुलूप येऊ घातले आहे.

खाजगी कारखाना आणि दडविलेली माहिती यांचा संगम काय करतो, हे भारताने २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये पाहिले. हवेत कोणते विष आहे, कोणत्या दिशेला पळावे, डोळ्यांना ओले फडके लावावे की नाही, हे लोकांना कोणी सांगितले नाही. हजारो माणसे मेली. त्या रात्री साध्या माहितीनेही अनेकांचे प्राण वाचले असते.

लोक घाबरतील, हा गुप्ततेच्या बाजूचा नेहमीचा युक्तिवाद आहे. तो तपासून पाहावा. आज शहरोशहरी हवेतील धुळीचा निर्देशांक तासातासाला जाहीर होतो; २०१५ पासून केंद्र सरकारच तो प्रसिद्ध करीत आहे. दिल्लीत तो भयावह पातळीवर जातो, तरी दंगली उसळत नाहीत; लोक मुलांना घरात ठेवतात आणि सरकारला जाब विचारतात. भीती आकड्याने उत्पन्न होत नाही, अकस्मात आलेल्या आकड्याने होते. ज्या गावाने वर्षभर ०.१ च्या आसपासचा आकडा पाहिला, पावसाच्या सरीबरोबर तो किंचित चढून पुन्हा उतरताना पाहिला, त्या गावाला खरा धोका आणि खोटी आवई यांतील फरक कळेल. खरे तर जाब विचारला जाईल, याचीच भीती सत्तेला वाटते आणि ती लोकांच्या नावावर खपविली जाते.

मग मागणी काय करावयाची? पहिली, प्रत्येक अणुकेंद्राभोवती मात्रेचा आणि हवेतील कणांचा, असे दोन्ही आकडे तासातासाला प्रसिद्ध व्हावेत. स्थानिक भाषेत, ग्रामपंचायतीच्या फलकावर, नैसर्गिक पातळीच्या उल्लेखासह. कोकणकिनाऱ्यावर दिवसा खारे वारे जमिनीकडे येतात, रात्री मतलई वारे समुद्राकडे जातात. तेव्हा एका दिशेला बसविलेले एक यंत्र पुरणार नाही. दुसरी, गाळणीचा अर्धा कागद अणुऊर्जा खात्याबाहेरच्या प्रयोगशाळेकडे, विद्यापीठाकडे, जावा. त्यामुळे शेजाऱ्याचा डोळा देशातच उपलब्ध होईल. तिसरी, एखादे केंद्र बंद पडले तर ते का बंद पडले, हे त्याच दिवशी जाहीर करण्याचे बंधन असावे; आणि वीज गेली, पूर आला, तरी चालतील अशीच यंत्रे असावीत. चौथी, कोणत्या आकड्याला कोणी काय करावयाचे हे आधीच ठरवून लोकांना शिकवावे आणि आयोडिनच्या गोळ्या जिल्ह्याच्या गोदामात न ठेवता शाळांत व आरोग्य उपकेंद्रांत ठेवाव्यात. पाचवी, तारापूरच्या १९६९ पासूनच्या सर्व नोंदी अभ्यासकांना खुल्या कराव्यात. यांतील एकाही मागणीने देशाच्या संरक्षणाचे कोणतेही रहस्य फुटत नाही. हवा शत्रूच्याही देशात जाते, आणि स्वीडनच्या गवताने रशियाचे रहस्य दोन दिवसांत वाचले होते. गुप्तता राहते ती फक्त आपल्याच नागरिकांपासून.

हे काम पत्रके काढून संपणारे नाही. पालघर आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील साथींनी ग्रामसभांचे ठराव करून घ्यावेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार माहिती आपणहून प्रसिद्ध करण्याची जबाबदारी संस्थांवर आहे. तिचा आग्रह धरावा. विज्ञानाच्या शिक्षकांना बरोबर घेऊन बेक्वेरेल म्हणजे काय आणि सीव्हर्ट म्हणजे काय, हे गावातील तरुणतरुणींना शिकवावे. ज्याला आकडा वाचता येत नाही, त्याच्यासमोर आकडा ठेवून काय उपयोग, असे उद्या सरकार म्हणेल. ते म्हणण्यास जागा ठेवू नये. आणि आकडा निरुपद्रवी असेल त्या दिवशी तो निरुपद्रवी आहे, हे सांगण्याचा प्रामाणिकपणाही ठेवावा. खोट्या आरोळीने चळवळीची पत जाते आणि खऱ्या संकटाच्या दिवशी तिच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

या राज्यातील समाजवादी चळवळीने एके काळी पाणवठा सर्वांना खुला व्हावा म्हणून लढा दिला. पाण्यावर जसा सर्वांचा हक्क, तसाच श्वासावर. आणि श्वासात काय आहे हे जाणण्याचा हक्क त्या हक्कापासून वेगळा काढता येत नाही. तारापूरच्या किनाऱ्यावर जाळे विणणाऱ्या मासेमाराच्या घरावरून जी हवा जाते, तिचा आकडा आधी त्या मासेमाराचा आहे, नंतर सरकारचा.